संदर्भ शोधायचे कसे आणि सापडले की तपासायचे कसे

प्रोजेक्ट कसा झालाय हे बघायचं असेल तर आधी शेवटचं पान उघडावं. संदर्भयादीतले सगळे लेख पहिल्या सर्चच्या पहिल्या पानावरचे असतात, दोन लिंक उघडतच नाहीत, आणि एखादा आकडा ज्या लेखाच्या नावावर टाकलाय त्या लेखात तो सापडत नाही. यात आळसाचा भाग कमी आणि कोणी न शिकवल्याचा जास्त. ‘कॉपी करू नका’ हे सगळेच सांगतात; शोध घ्यायचा कसा हे शेजारी बसून दाखवणारे थोडे. इथे ते एकच उदाहरण धरून सविस्तर लिहितोय.

विषय घेऊ या ‘सोशल मीडियाचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम’. शीर्षक म्हणून ठीक, शोधासाठी निरुपयोगी. कोणते विद्यार्थी? परिणाम कशावर? मोजायचा कसा? यातून निघणारा प्रश्न असा काहीतरी असायला हवा: झोपण्याआधीच्या तासाभरात फोन वापरणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना झोप लागायला जास्त वेळ लागतो का? प्रश्न नीट बेतलाय की नाही याची एक सोपी कसोटी आहे. त्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकलं पाहिजे. ‘परिणाम होतो’ हे आधीच गृहीत धरलेल्या प्रश्नाला माणूस फक्त दुजोरा शोधत बसतो, आणि इंटरनेटवर दुजोरा कशालाही मिळतो.

इतका नेमका प्रश्न पहिल्याच दिवशी सुचत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. म्हणून पहिले एकदोन तास फक्त ओळख करून घेण्यात घालवावेत: विषयाचा एखादा विश्वकोश, पाठ्यपुस्तकातलं प्रकरण, अलीकडचा एखादा रिव्ह्यू लेख, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारा लेख. विकिपीडियासुद्धा चालेल. त्याचा संदर्भ द्यायचा नाही, पण त्याच्या तळाची यादी आणि त्यातली परिभाषा बिनधास्त उचलावी. या वाचनातून आपल्याला हवे असतात ते शब्द. आपण म्हणतो ‘झोप लागायला लागणारा वेळ’, अभ्यासक म्हणतात ‘स्लीप ऑनसेट लेटन्सी’. हा शब्द माहीत नसेल तर निम्मे पेपर आपल्यापासून लपूनच राहतात.

सर्चचं वाक्य बांधणं

अख्खा प्रश्न जसाच्या तसा सर्च बॉक्समध्ये टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. गूगल ते सांभाळून घेतं, लायब्ररीचे बरेच डेटाबेस घेत नाहीत. कागदावर तीन उभे रकाने आखा. पहिल्यात माणसं: कॉलेज स्टुडंट्स, युनिव्हर्सिटी स्टुडंट्स, अंडरग्रॅज्युएट्स, यंग अ‍ॅडल्ट्स. दुसऱ्यात कारण: स्मार्टफोन, मोबाइल फोन, स्क्रीन टाइम, सोशल मीडिया. तिसऱ्यात परिणाम: स्लीप क्वालिटी, स्लीप लेटन्सी, इन्सोम्निया. एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडायचे, रकाने एकमेकांना ‘अँड’ने. प्रत्येक रकाना स्वतःच्या कंसात. हे जोडशब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत (AND, OR) लिहायची सवय लावून घ्या. काही ठिकाणी तसे लिहिले नाहीत तर त्यांना साधा शब्द समजलं जातं.

कंस विसरला की काय होतं ते पाहा. ‘स्टुडंट्स अँड स्मार्टफोन ऑर स्क्रीन टाइम’ असं लिहिलं तर पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांचा डेटाबेस, डावीकडून उजवीकडे वाचत जातं. आधी विद्यार्थी आणि स्मार्टफोन असलेले लेख गोळा होतात, मग त्यात ‘स्क्रीन टाइम’ असलेले जगातले सगळे लेख येऊन पडतात. तान्ह्या बाळांचे, आजी-आजोबांचे, सगळ्यांचे. निकाल हजारांत गेले की विद्यार्थ्याला वाटतं विषयावर खूप काम झालंय. झालेलं असतं एवढंच की कंस राहिलाय.

‘नॉट’ शक्यतो वापरूच नका. ‘नॉट चिल्ड्रन’ लिहिलं की फक्त मुलांवरचे लेख जातील असं वाटतं, पण मुलं आणि तरुण अशी तुलना करणारा, म्हणजे आपल्या कामाचाच, लेखही त्यासोबत जातो आणि गेल्याचं कळतही नाही.

अवतरणचिन्हांमुळे शब्दांचा गट त्याच क्रमाने शोधला जातो. मात्र पबमेड एरवी आपल्या शब्दाला स्वतःहून जुळती विषयसंज्ञा (विषयासाठी ठरवून दिलेला शब्द) लावतं, ते अवतरणचिन्हं घातली की बंद होतं, त्यामुळे तिथे आधी चिन्हांशिवाय एकदा शोधून बघावं. शब्दाच्या मुळाला तारका (*) लावली की बहुतेक डेटाबेसमध्ये त्या मुळापासून होणारे सगळे शब्द येतात, ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगचा घोळही त्यातच मिटतो. मूळ फार आखूड ठेवलं तर भलतेच शब्द शिरतात. गूगल स्कॉलर या प्रकारची तारका मानत नाही, आणि साध्या गूगलमध्ये तारका म्हणजे अवतरणातल्या वाक्यातली गाळलेली जागा. एकच चिन्ह, तीन वागणुका. म्हणून नव्या डेटाबेसचं ‘हेल्प’ पान पाच मिनिटं वाचणं हा वेळेचा अपव्यय नव्हे.

विषयसंज्ञांचं प्रकरण थोडं खोलात घेतो, कारण इथेच नवखा आणि सरावलेला यांच्यात फरक पडतो. पबमेडसारख्या डेटाबेसमध्ये लेखांना एका ठरलेल्या यादीतल्या संज्ञा लावलेल्या असतात. पबमेडच्या यादीला मेश म्हणतात. लेखकाने ‘हार्ट अटॅक’ लिहिलेलं असो वा आणखी काही, संज्ञा लागते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’. ती संज्ञा धरून शोधलं की लेखकाच्या शब्दनिवडीवर आपलं नशीब अवलंबून राहत नाही. ती शोधायची सोपी युक्ती अशी: आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा एक चांगला पेपर मिळवा, त्याच्या नोंदीत खाली कोणत्या संज्ञा लावल्यात ते पाहा आणि त्याच घेऊन पुन्हा शोधा. सगळ्याच लेखांना संज्ञा लागलेल्या असतात असं नाही, म्हणून संज्ञा आणि साधे शब्द दोन्ही ‘ऑर’ने जोडून ठेवावेत.

आणखी एक युक्ती फारशी कोणी सांगत नाही. गोष्ट ज्या मापाने मोजतात त्या मापाचंच नाव शोधा. झोपेच्या संशोधनात ‘पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स’ ही १९८९ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली सर्रास वापरतात. गुण ० ते २१. ५ च्या वर गेले की झोपेची प्रत खराब धरतात. हे नाव तिसऱ्या रकान्यात टाकलं की मतप्रदर्शनाचे लेख गळून पडतात आणि प्रत्यक्ष मोजमाप केलेले पेपर वर येतात. बहुतेक विषयांत अशी प्रश्नावली, चाचणी किंवा निर्देशांक असतोच.

निकाल हजारो आले तर शब्द फक्त शीर्षक आणि ॲब्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे लेखाच्या सुरुवातीच्या सारांशात, शोधायची मर्यादा घाला. दहाच्या खाली आले तर एकेक रकाना काढून बघा. ज्याच्या जाण्याने आकडा उसळतो त्या रकान्यातले शब्द कमी पडतायत. शून्य आले तर आधी स्पेलिंग तपासा.

शोधायचं कुठे

२००४ साली सुरू झालेलं गूगल स्कॉलर सगळ्यांच्या सवयीचं आहे आणि सुरुवातीला चांगलंच आहे. त्याच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. ते लेखाचा पूर्ण मजकूर शोधतं, त्यामुळे आपला शब्द कुठेतरी एकदा आला तरी लेख यादीत येतो. एका शोधाचे पहिले १,००० निकालच दाखवतं. जुने, भरपूर उद्धृत झालेले लेख वर येतात, म्हणून डावीकडचा वर्षाचा फिल्टर लावून दुसऱ्यांदा शोधावं. शिवाय प्रबंध, परिषदांमधले लेख, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच टाकलेले लेख), फालतू जर्नल्स असं सगळं तिथे एकत्र असतं. ‘स्कॉलरवर सापडलं’ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र नाही.

वैद्यकासाठी पबमेड, शिक्षणशास्त्रासाठी एरिक, मानव्यविद्येच्या जुन्या अंकांसाठी जेस्टोर. जेस्टोरवर बऱ्याच जर्नल्सचे शेवटचे काही वर्षांचे अंक नसतात. अलीकडे कोणी काही लिहिलेलंच नाही असा गैरसमज त्यातून होतो.

एक चांगला पेपर हाती आला की सर्च बॉक्स काही वेळ बाजूला ठेवा. त्याची संदर्भयादी आपल्याला मागे नेते, आणि स्कॉलरमधलं ‘साइटेड बाय’, म्हणजे तो पेपर उद्धृत करणाऱ्या लेखांची यादी, पुढे. त्या पानावर ‘सर्च विदिन साइटिंग आर्टिकल्स’ असा चौकोन असतो. त्यावर टिक करून शोधलं की हा पेपर उद्धृत करणाऱ्या शेकडो लेखांतून फक्त ‘अंडरग्रॅज्युएट’वाले वेगळे काढता येतात. ही मागे-पुढे जायची पद्धत बऱ्याचदा नव्या सर्चपेक्षा जास्त देते. नव्या पेपरांच्या यादीत तीच ती ओळखीची नावं यायला लागली की थांबायला हरकत नाही.

पैसे मागणारं पान आलं की तिथेच सोडून देऊ नका. लायब्ररीच्या लॉगिनने आत शिरून बघा, स्कॉलरमधलं ‘ऑल व्हर्जन्स’ उघडा, लेखाची मोफत प्रत शोधून देणारं अनपेवॉल हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाकून ठेवा. तरी नाही मिळालं तर पेपरवर पत्रव्यवहारासाठी ज्याचा ईमेल दिलेला असतो त्या लेखकाला दोन ओळी पाठवा. पुष्कळ जण प्रत देतात. दुसऱ्या लायब्ररीतून मागवायची सोय असते, पण तिला दिवस लागतात, त्यामुळे मागणी पहिल्याच आठवड्यात नोंदवावी. लेखकाने वेबसाइटवर ठेवलेली प्रत छापील प्रतीआधीची असू शकते. तिचे पृष्ठांक वेगळे असतात. अवतरण देताना तेवढं सांभाळा.

विश्वास कशावर ठेवायचा

स्रोत तपासायची यादी बऱ्याच कॉलेजांत वाटतात: तारीख, विषयाशी संबंध, लेखकाचा अधिकार, अचूकता, हेतू. या पाच मुद्द्यांची ‘क्रॅप टेस्ट’ २००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी बनवली. छापील पुस्तकांसाठी ती अजून बरी. वेबसाइटसाठी माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही, कारण त्या यादीची उत्तरं त्याच पानावर बसून दिली जातात आणि पान बनवणाऱ्याला ती उत्तरं नेमकी कशी दिसायला हवीत हे पक्कं ठाऊक असतं.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली मांडलेला अभ्यास हेच दाखवतो. १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना वेबसाइट्स तपासायला दिल्या. त्यात एक जोडी होती ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ आणि ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स’ यांची. पहिली बालरोगतज्ज्ञांची १९३० पासूनची मोठी संघटना, दुसरी तिच्यातून २००२ साली फुटून निघालेला छोटा गट. बहुसंख्य विद्यार्थ्यांना दुसरीच जास्त विश्वासार्ह वाटली. नाव भारदस्त, पान नीटनेटकं, खाली संदर्भ. फॅक्ट-चेकर मात्र पानावर रेंगाळले नाहीत. त्यांनी नवे टॅब उघडले, संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते वाचलं आणि मग परत आले. याला लॅटरल रीडिंग म्हणतात. कृती अगदी लहान आहे: संस्थेचं नाव अवतरणात टाका, तिची स्वतःची साइट वजा चिन्हाने निकालातून वगळा, आणि पहिल्या पानावर काय दिसतं ते बघा. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत कळतं.

‘पीअर रिव्ह्यू झालेलं आहे’, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं आहे, यावरही निर्धास्त राहता येत नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८चा पेपर लॅन्सेटसारख्या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये आला होता, १२ मुलांवरचा. तो मागे घेतला गेला २०१० साली. मधल्या काळात डाउनलोड केलेल्या पीडीएफवर अर्थातच ‘मागे घेतला’ असा शिक्का उमटत नाही. म्हणून संदर्भ पक्का करण्याआधी लेखाचं प्रकाशकाच्या साइटवरचं पान पुन्हा एकदा उघडा. संदर्भ जमवायचं सॉफ्टवेअर झोटेरो वापरत असाल तर मागे घेतलेल्या लेखावर ते स्वतःच इशारा देतं.

जर्नल्सचंही तेच. २०१३ साली एका पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला खोटा पेपर ३०४ ओपन अॅक्सेस (वाचायला मोफत असलेल्या) जर्नल्सना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. ओपन अॅक्सेस म्हणजे वाईट असा याचा अर्थ नाही, पण अनोळखी जर्नल दिसलं की ते डीओएजे या ओपन अॅक्सेस जर्नल्सच्या निर्देशिकेत आहे का, संपादक मंडळातली माणसं आपापल्या विद्यापीठाच्या पानावर खरंच दिसतात का, आणि ‘तीन दिवसांत रिव्ह्यू’ असली आश्वासनं दिलीयत का, हे बघायला फार वेळ लागत नाही.

आकड्याच्या मागे मागे

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. एखादा दावा वाचला की तो जिथे पहिल्यांदा मोजला गेला तिथपर्यंत मागे जायचं. पालकाचं उदाहरण मासलेवाईक आहे. पालकात भरपूर लोह असतं हा समज दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला, आकडा दहापट झाला, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. १९८१ साली टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिली, संदर्भ न देता. तिथून ती असंख्य लेखांत गेली. २०१० साली माइक सटन यांनी मुळाशी जायचा प्रयत्न केला, तर दशांशचिन्हाच्या चुकीला कुठे पुरावाच सापडेना. म्हणजे ‘शास्त्रज्ञ कसे निष्काळजी असतात’ हे सांगायला वापरली जाणारी गोष्टच निष्काळजीपणाने पसरली होती. २०१४ साली ओले ब्योर्न रेकडाल यांनी अशा विद्यापीठीय दंतकथांवर आख्खा लेखच लिहिला.

दंतकथा पसरते ती अशी: ‘अ’ने ‘ब’ वाचला, ‘ब’ने ‘क’चा हवाला दिला होता, आणि ‘अ’ थेट ‘क’चं नाव टाकून मोकळा झाला, ‘क’ न उघडता. नियम साधा ठेवा. जे उघडून वाचलं त्याचाच संदर्भ. मूळ लेख खरोखर मिळत नसेल तर ‘ब’मध्ये उद्धृत केल्याप्रमाणे ‘क’ असं स्पष्ट लिहा. जवळपास प्रत्येक संदर्भशैलीत त्याची सोय आहे.

चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांना हाच नियम दुप्पट कडकपणे लावावा. ते समानार्थी शब्द सुचवायला उत्तम. पहिल्या कागदावरचे तीन रकाने भरायला जरूर वापरा. पण त्यांनी दिलेल्या संदर्भात लेखक खरा, जर्नल खरं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही असं होतं. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी अशा बनावट खटल्यांचे दाखले दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. तपासायचा क्रम असा ठेवा: डीओआय, म्हणजे लेखाचा ‘१०’ने सुरू होणारा कायमचा ओळखक्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाका. लेख उघडला तरी शीर्षक जुळतं का ते पाहा, कारण खरा क्रमांक दुसऱ्याच लेखाचा असू शकतो. डीओआय नसेल तर शीर्षक अवतरणात शोधा. तरी नाही तर जर्नलच्या साइटवर तो खंड आणि अंक उघडून अनुक्रमणिका बघा. तिथेही नसेल तर तो लेख नाहीच. आणि लेख खरा निघाला तरी त्यात तो दावा आहे का, हे वाचूनच कळतं.

वाचणं आणि टिपणं

पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो. ॲब्स्ट्रॅक्ट, मग तक्ते आणि आकृत्या, मग चर्चेतला मर्यादांचा परिच्छेद. इथवर आल्यावर पेपर कामाचा वाटला तरच पद्धतीचा भाग, आणि तो मात्र सावकाश. आपल्या उदाहरणात बहुतेक पेपर एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणाचे निघतील. फोन जास्त वापरणाऱ्यांची झोप खराब, एवढंच ते सांगू शकतात. फोनमुळे झोप जाते की झोप येत नाही म्हणून माणूस फोन उचलतो, हे त्या पद्धतीतून कळत नाही. शिवाय फोन किती वापरला हे विद्यार्थ्यांनी आठवून सांगितलंय की फोनमधल्या नोंदीतून घेतलंय? आठवून सांगितलेले तास बरेचदा चुकतात. लेखकांनी स्वतः ‘संबंध आढळला’ लिहिलेलं असताना आपण ‘परिणाम होतो’ लिहिणं, ही प्रोजेक्टमधली सर्वांत जास्त दिसणारी आणि परीक्षकाच्या सर्वांत लवकर लक्षात येणारी चूक.

टिपणात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: शब्दशः अवतरण, आपल्या शब्दांत सांगितलेला मुद्दा, आणि आपलं स्वतःचं मत. पहिल्या दोन्हींपुढे पृष्ठांक. अवतरणाला अवतरणचिन्हं टिपण काढतानाच घाला. तीन आठवड्यांनी ते वाक्य आपलं की लेखकाचं हे आठवत नाही, आणि नकळत होणारी चोरी इथेच जन्मते. मुद्दा आपल्या शब्दांत लिहिताना पेपर बंद करा. समोर ठेवून लिहिलं की फक्त विशेषणं बदलली जातात, वाक्याचा सांगाडा तोच राहतो.

संदर्भ जमवायला झोटेरो मोफत आहे आणि पुरेसं आहे. पण ते जे गोळा करतं ते डोळे मिटून घेऊ नका. शीर्षक अख्खं कॅपिटलमध्ये येतं, संस्थेचं नाव माणसाच्या नावासारखं तोडून आडनाव पुढे येतं, वेबपानाची तारीख गायब असते. नोंद आत घेतली की लगेच दुरुस्त करा; शेवटच्या रात्री चाळीस नोंदी दुरुस्त होत नाहीत.

आणि एक साधी वही किंवा शीट. तारीख, डेटाबेस, जसंच्या तसं सर्चवाक्य, निकाल किती, ठेवले किती. ‘हे लेख कसे निवडले?’ असं तोंडी परीक्षेत विचारलं तर उत्तर इथून मिळतं, आणि पद्धतीचा परिच्छेदही जवळजवळ तयारच असतो. वेबपानांसाठी त्याच शीटमध्ये आणखी एक रकाना ठेवा: पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून मिळालेला पत्ता. पान उघडलं त्याच दिवशी हे करा, कारण सबमिशनपर्यंत मूळ लिंक टिकेलच असं नाही.